औषधाच्या डब्यावरील रंग व त्यांचा अर्थ

वऱ्हाडात कपाशी पात्याफुलांवर आली म्हणजे फवारणीचा हंगाम सुरू होतो. अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर व अंजनगाव सुर्जी, तसेच अकोला जिल्ह्यातील अकोट, तेल्हारा, बाळापूर व मूर्तिजापूर या भागांत कपाशी, तूर व सोयाबीन ही मुख्य पिके होत. वरूड व मोर्शीकडे संत्र्याच्या बागा आहेत. या पिकांवर मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि बोंडअळी यांचा उपद्रव होतो व त्यांच्या बंदोबस्तासाठी शेतकरी कृषि सेवा केंद्रातून औषध आणतो. ‘औषध’ हा शब्द बोलण्यात इतका रूढ झाला आहे की, डब्यातील पदार्थ हे वास्तविक विष आहे, याचा विसर पडतो. किडीला मारणारा पदार्थ माणसाला व जनावरालाही कमीअधिक प्रमाणात बाधतो. तो किती बाधतो, हे सांगण्यासाठी प्रत्येक डब्यावर एक रंगीत खूण छापलेली असते. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ती ओळखता यावी, हाच त्या खुणेचा हेतू होय. तथापि डबा हाताळणाऱ्या पुष्कळांना तिचा अर्थ ठाऊक नसतो.

कायदा कसा आला

१९५८ साली केरळ व त्यावेळच्या मद्रास राज्यात एक भीषण दुर्घटना घडली. पॅराथिऑन हे अत्यंत विषारी कीटकनाशक व खाण्याचे गव्हाचे पीठ यांची वाहतूक एकत्र झाली, विष पिठात मिसळले आणि ते पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. विषारी द्रव्यांच्या साठवणीवर, वाहतुकीवर व विक्रीवर नियंत्रण नसेल तर काय होते, हे त्या वेळी साऱ्या देशाला दिसले. सरकारने चौकशी आयोग नेमला. पुढे तज्ज्ञांच्या समितीनेही या प्रश्नाचा विचार केला आणि त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे कीटकनाशक नियम तयार झाले. डब्यावर काय छापावे, कोणत्या भाषेत छापावे, खुणेचा आकार केवढा असावा, हे सर्व या नियमांनी ठरवून दिले आहे. हिंदी, इंग्रजी आणि ज्या भागात माल विकला जातो तेथील एक वा दोन भाषा लेबलावर व माहितीपत्रकावर असल्या पाहिजेत, असा नियम आहे. वऱ्हाडातील शेतकऱ्याने मराठीतील माहितीपत्रक मागितले तर ती दुकानदाराची मेहेरबानी नव्हे; तो शेतकऱ्याचा हक्क आहे.

चार रंगांची चौकट

डब्याच्या दर्शनी लेबलावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. लेबलाच्या दर्शनी भागाच्या किमान एक-सोळांश इतकी त्याची जागा असावी, असे बंधन आहे. या चौकोनाचे दोन त्रिकोण केलेले असतात. वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द किंवा चिन्ह असते आणि खालच्या त्रिकोणात रंग असतो. रंग पुढीलप्रमाणे चार आहेत.

लाल : अत्यंत विषारी. वरच्या त्रिकोणात कवटी व आडवी हाडे आणि तांबड्या अक्षरांत ‘पॉयझन’ म्हणजे विष हा शब्द असतो. मोनोक्रोटोफॉस या वर्गातले.

पिवळा : तीव्र विषारी. येथे कवटी नसते, परंतु ‘पॉयझन’ हा शब्द तांबड्या अक्षरांतच असतो. क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, सायपरमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड अशी वऱ्हाडात नित्य वापरली जाणारी अनेक औषधे या वर्गात मोडतात.

निळा : मध्यम विषारी. वर ‘डेंजर’ म्हणजे धोका हा शब्द असतो. मॅलाथिऑन हे याचे परिचित उदाहरण होय.

हिरवा : किंचित विषारी. वर ‘कॉशन’ म्हणजे सावधान हा शब्द असतो. मॅन्कोझेब व कार्बेन्डाझिम ही बुरशीनाशके या वर्गात येतात.

मुलांच्या हाती लागू देऊ नये, ही सूचना लाल, पिवळ्या व निळ्या वर्गांच्या डब्यांवर असते. लाल वर्गाच्या डब्यावर, औषध पोटात गेल्यास किंवा विषबाधेची लक्षणे दिसल्यास ताबडतोब डॉक्टरला बोलवावे, अशी आणखी एक सूचना असते.

रंग कसा ठरतो

हे वर्ग केवळ अंदाजाने पाडलेले नाहीत. प्रयोगशाळेत ठरावीक प्राण्यांना औषध देऊन, त्यांपैकी निम्मे प्राणी मरण्यास शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम औषध लागते, हे मोजले जाते. जितका आकडा लहान, तितके विष जहाल. तोंडावाटे दिलेल्या औषधाचा आकडा १ ते ५० असल्यास लाल, ५१ ते ५०० असल्यास पिवळा, ५०१ ते ५,००० असल्यास निळा व त्याहून अधिक असल्यास हिरवा रंग मिळतो. कातडीवाटे शरीरात जाणाऱ्या औषधाचे आकडे वेगळे आहेत : लालसाठी १ ते २००, पिवळ्यासाठी २०१ ते २,०००, निळ्यासाठी २,००१ ते २०,००० आणि हिरव्यासाठी त्यापुढे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. कातडी ही विषाला अडविणारी भिंत नाही, असे कायद्यानेच मानलेले आहे. औषध प्यायल्याशिवाय बाधत नाही, हा समज चुकीचा आहे. पाठीवरच्या पंपाचे झाकण सैल असेल आणि औषधाचे पाणी दिवसभर पाठीवर ओघळत असेल, तर ते कातडीतून शरीरात मुरत राहते. घामाने भिजलेल्या अंगातून ते अधिक वेगाने आत जाते.

रंग काय सांगत नाही

रंगाची खूण उपयोगी असली तरी तिच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी की, हिरवा रंग म्हणजे निर्धोक, असा अर्थ नाही. खाद्यपदार्थांच्या पुड्यावरील हिरवा ठिपका शाकाहाराची खूण असल्यामुळे औषधावरील हिरवा त्रिकोणही निर्दोष आहे, असे काहींना वाटते. या दोन खुणांचा परस्परांशी काहीही संबंध नाही.

दुसरी मर्यादा अशी की, रंग एकदाच घडलेल्या बाधेचा आहे. थोडे थोडे औषध अनेक दिवस अंगात जात राहिले तर काय होईल, हे रंगावरून कळत नाही. सलग पंधरा दिवस गावातील निरनिराळ्या शेतांत फवारणी करणारा मजूर व आपल्या दोन एकरांत एक दिवस फवारणारा शेतकरी यांचा धोका सारखा नसतो.

तिसरी मर्यादा मिश्रणाची. दोन-तीन औषधे, त्यांत विद्राव्य खत व वाढवर्धक एकाच पंपात मिसळण्याची चाल पडली आहे. लेबलावरील रंग त्या डब्यातील औषधाचा आहे. पंपात तयार झालेल्या मिश्रणाला कोणताही रंग नाही. ज्या मिश्रणाची शिफारस लेबलावर वा कृषि विद्यापीठाने केलेली नाही, ते करू नये.

चौथी गोष्ट घनतेची. पाण्यात मिसळलेल्या औषधापेक्षा डब्यातील मूळ औषध कितीतरी पट जहाल असते. म्हणून सर्वांत धोक्याची वेळ फवारणीची नसून डबा फोडून औषध मोजण्याची व कालविण्याची होय. वऱ्हाडात पाणी आणून औषध कालवून देण्याचे काम पुष्कळदा स्त्रियांकडे असते. पंप पाठीवर घेणाऱ्यालाच धोका आहे, असे समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. हातमोजे घालण्याची पहिली गरज त्यांना आहे.

२०१७ चा धडा

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. अकोला व अमरावती जिल्ह्यांतही विषबाधेचे रुग्ण आढळले. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. त्या हंगामात कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती व दाटली होती. उकाडा व दमटपणा होता. किडीच्या प्रादुर्भावामुळे फवारण्या वारंवार झाल्या. अनेक औषधे एकत्र कालविली गेली. बारीक तुषार उडविणारे बॅटरीचे पंप वापरले गेले आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते. उंच पिकात फवारा खाली न जाता तोंडावर व छातीवर येतो, आणि जितका तुषार बारीक तितका तो श्वासाबरोबर सहज आत जातो.

कीटकनाशक कायद्याच्या २७ व्या कलमानुसार लोकांच्या जीविताला धोका दिसल्यास शासनाला औषधाची विक्री ६० दिवसांपर्यंत थांबविता येते. त्या अधिकाराने राज्य शासनाने २०१७ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच औषधांची विक्री तात्पुरती बंद केली व २०१८ च्या हंगामात हा उपाय पुन्हा योजला. प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण, फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण, ॲसिफेट, डायफेन्थ्युरॉन आणि मोनोक्रोटोफॉस अशी ती औषधे होती. केंद्र शासनाने २०१८ च्या आदेशाने फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस व फॉस्फॅमिडॉन यांसह अनेक जुनी औषधे बंद केली. या चौघांचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून थांबला. म्हणून जुन्या सवयीने घरात राहिलेला असा एखादा डबा वापरू नये.

या प्रसंगातून एक व्यवहारातील उणीव विशेष करून दिसते. औषध विकत घेतो शेतमालक, लेबल पाहिले तर तोच पाहतो, आणि फवारणी करतो मजूर. पुष्कळदा डबा घरीच राहतो व औषध बाटलीत ओतून शेतात नेले जाते. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्यापर्यंत इशारा पोहोचतच नाही. कायद्याने छापविलेली खूण धुऱ्यावरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर आली नाही, तर ती व्यर्थ होय. म्हणून औषध मूळ डब्यातच शेतात न्यावे व काम सुरू करण्यापूर्वी त्यावरील रंग मजुराला दाखवावा. दारूच्या, पाण्याच्या अथवा शीतपेयाच्या बाटलीत औषध काढून ठेवणे हा तर अपघाताला दिलेला आमंत्रणाचा विडाच होय.

लेबलावर आणखी काय पाहावे

खरेदी करताना रंगाबरोबर औषधाचे नाव व त्यातील मूळ द्रव्याचे शेकडा प्रमाण, नोंदणी क्रमांक, उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, निव्वळ वजन व मुदत संपण्याची तारीख पाहावी. नोंदणी क्रमांक नसलेले, ‘जैविक’ किंवा ‘टॉनिक’ या नावाने किडीवर म्हणून विकले जाणारे द्रव्य घेऊ नये. त्यात काय आहे हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते आणि बाधा झाल्यास डॉक्टरलाही कळत नाही. माहितीपत्रकात कोणत्या पिकासाठी, किती मात्रेत, विषबाधेची लक्षणे कोणती, प्रथमोपचार कोणता व उतारा कोणता, हे दिलेले असते. फवारणीनंतर किती दिवसांनी पीक तोडावे, हेही त्यात पाहावे. संत्रा व भाजीपाला पिकविणाऱ्यांनी ते दिवस मोजूनच तोडणी करावी. पक्की पावती घ्यावी व हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी.

वंगणतेलांचे डबे

शेतावर आता केवळ औषधांचेच डबे नसतात. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, डिझेल इंजिन यांसाठी इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल व ग्रीस लागते. अकोला व अमरावतीच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांतही त्यांचा वापर मोठा आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या शेतकऱ्याला तेलाची भीती वाटत नाही, हे स्वाभाविक आहे. परंतु या तेलांनाही धोक्याचे वर्ग आहेत.

रसायनांच्या वर्गवारीसाठी संयुक्त राष्ट्रसंघाने एक जागतिक पद्धती तयार केली असून तिची पहिली आवृत्ती २००३ साली निघाली. तीत लाल किनारीच्या पांढऱ्या चौकोनात काळे चित्र असते : ज्वाला म्हणजे पेट घेणारे, कवटी म्हणजे जहाल विष, छातीवर चांदणीसारखी खूण असलेली मानवाकृती म्हणजे शरीराच्या आतील दीर्घकालीन अपाय, उद्गारचिन्ह म्हणजे त्वचा वा डोळ्यांची जळजळ यांसारखा सौम्य अपाय. येथे एक घोटाळा संभवतो. कीटकनाशकाच्या लेबलावर ‘डेंजर’ हा शब्द तिसऱ्या, म्हणजे मध्यम वर्गाचा आहे. जागतिक पद्धतीत मात्र तोच शब्द अधिक गंभीर धोक्याचा असून सौम्य धोक्यासाठी ‘वॉर्निंग’ हा शब्द आहे. त्यामुळे केवळ शब्दावर विसंबू नये. चौकोनातील रंग व चित्र मिळून पाहावे.

तेलाचा अपाय संथ असतो. इंग्लंडमधील लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांना घातलेले खनिज तेल कामगारांच्या कपड्यांत मुरत असे. त्यातून त्यांना कातडीचा कर्करोग होतो, हे मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९२२ मध्ये दाखवून दिले. ज्या कापसावर वऱ्हाड जगतो त्याच कापसाच्या धंद्यातील हा अनुभव आहे. शुद्धीकरण न केलेली वा अल्प शुद्ध केलेली खनिज तेले कर्करोगकारक आहेत, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही ठरविले आहे. इंजिनातून काढलेले काळे ऑइल नव्या तेलापेक्षा अधिक अपायकारक असते, कारण जळण्याच्या क्रियेत त्यात घातक द्रव्ये तयार होतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. हे तेल जनावरांच्या खरजेवर लावणे, ओढ्यात ओतणे किंवा चुलीत जाळणे या चाली सोडाव्यात. ते बंद डब्यात साठवून अधिकृत संकलन करणाऱ्याकडे जाईल अशा गॅरेजमध्ये द्यावे. हायड्रॉलिक नळीतून तेल गळत असल्यास गळतीची जागा हाताने चाचपू नये. दाबाखालील बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

विषबाधा झाल्यास

क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी औषधे मज्जातंतूंच्या कार्यातील एका आवश्यक विकराला निकामी करतात. त्यामुळे घाम, लाळ व डोळ्यांतून पाणी सुटते, मळमळ व ओकाऱ्या होतात, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू थरथरतात व शेवटी श्वास कोंडतो. उन्हाने चक्कर आली, असे समजून माणसाला झाडाखाली निजवून ठेवल्याने मोलाचा वेळ जातो. पुढील क्रमाने उपाय करावा.

१. मदत करणाऱ्याने प्रथम आपल्या हातांत मोजे वा प्लॅस्टिकची पिशवी घालावी. रोग्याला फवारलेल्या शेतातून मोकळ्या हवेत आणावे.

२. अंगावरील सर्व कपडे काढून साबण व भरपूर पाण्याने अंग, केस व नखे धुवावीत. डोळ्यांत औषध गेले असल्यास स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवावेत.

३. मीठपाणी पाजून ओकारी करवू नये. दूध, तूप वा ताकही देऊ नये. पुष्कळ औषधांत रॉकेलसारखे द्रावक असते. ओकारीबरोबर ते फुप्फुसात गेल्यास दुसरे संकट ओढवते. तेल पोटात गेल्यासही हाच नियम आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर निजवावे.

४. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाचा डबा किंवा लेबल रोग्याबरोबर न्यावे. या औषधांवर ॲट्रोपिन हा उतारा आहे, परंतु सर्व औषधांना तोच लागू पडत नाही. सायपरमेथ्रिनच्या वर्गातील औषधांना तर निश्चित असा उतारा नाही. म्हणून डब्यावरील नाव हे डॉक्टरच्या दृष्टीने अर्धे निदान होय.

रिकामे डबे व नित्याची दक्षता

रिकामा डबा कितीही धुतला तरी पाणी, दूध, तेल वा धान्य ठेवण्यास योग्य होत नाही. डबा तीन वेळा खळाळून ते पाणी पंपातच ओतावे. नियमानुसार रिकामे डबे उघड्यावर टाकू नयेत. ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. विहीर व नाल्याच्या काठी ते पुरू नयेत.

फवारणी सकाळी वा सायंकाळी, वाऱ्याच्या दिशेने पाठ करून करावी. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पायजमा, टोपी, चष्मा, तोंडावर मास्क, हातमोजे व बूट वापरावेत. तुंबलेली नळी तोंडाने फुंकू नये. औषध हाताने ढवळू नये. कामाच्या मध्ये हात न धुता तंबाखू मळू नये. कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. लहान मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना या कामापासून दूर ठेवावे.

या उपायांना फारसा खर्च नाही. कपाशीचे एका वर्षीचे नुकसान पुढील हंगामात भरून निघते, परंतु धुऱ्यावरून उचलून नेलेला कर्ता माणूस परत येत नाही. औषध घेताना दुकानातच चौकोन पाहावा, शक्य तेथे लाल-पिवळ्याऐवजी निळ्या-हिरव्या वर्गातील शिफारस केलेले औषध मागावे, आणि पंप पाठीवर घेणाऱ्याला तो रंग दाखवूनच फवारणीस आरंभ करावा. ग्रामपंचायती, शाळा व सहकारी संस्था यांनी या चार रंगांचा तक्ता गावातील भिंतीवर रंगवून घेतल्यास, ज्यांना अक्षरे वाचता येत नाहीत त्यांच्यापर्यंतही कायद्याचा इशारा पोहोचेल.